स्वस्त झालेली क्रूझ आणि सासूबाईंची खिडकी

मंडळी, तिकीट काढून झाल्यावरही पुन्हा पुन्हा दर बघायची खोड तुम्हाला आहे का? मला आहे.

आज सकाळी नरपडला घराच्या ओट्यावर आम्ही चिकू निवडत बसलो होतो. सहज मोबाइल उघडला, तर आमचीच मुंबई-गोवा क्रूझ, तारीखही तीच आणि भाडं जवळपास निम्मं. चार महिने आधी बुकिंग करून आम्ही स्वतःला शहाणे समजत होतो.

नवरा म्हणाला, "रद्द कर, नवीन काढ."

एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "दंड कापूनही पैसे वाचतील ताई, पण या दरात तुमच्या आत्ताच्यासारखी खिडकीची नाही, बिनखिडकीची खोली मिळेल."

"खोलीत झोपायलाच तर जायचंय," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी हातातला चिकू खाली ठेवला. "गेल्या वर्षी चिकूची वाडी ठरलेल्या रकमेला मक्त्याने दिली आणि मग भाव चढला. तेव्हा आपण व्यापाऱ्याला दिलेला शब्द फिरवला का?"

"आई, तो ओळखीचा माणूस. ही कंपनी आहे," नवरा म्हणाला.

"शब्द तर आपलाच ना." मग हळूच म्हणाल्या, "आणि मला खिडकी हवी."

"अगं, आपल्या दारातच समुद्र आहे."

"इथून समुद्र दिसतो. मला एकदा समुद्रातून किनारा बघायचाय."

जुनं तिकीट तसंच ठेवलंय. शब्द मोठा की खिडकी, ते मी विचारलं नाही. दर बघायचं मात्र बंद केलंय.

तुम्ही काय केलं असतंत?