बर्फाच्या तळाचं तापमान

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली किती थंडी असेल त्याचा अभ्यास करते. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "तुम्ही गेलता काय तिकडं?" गेले नाही. जायची वेळ मात्र एकदा आली होती.

आमचं घर हुपरीत. आई अजूनही घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडते. एकदा माझ्या लॅपटॉपवरचे काळे-पांढरे पट्टे बघून तिनं विचारलं, "हे काय हाय गं?"

मी तिला सांगितलं. रडारच्या लहरी वरून सोडायच्या. त्या दोन-तीन किलोमीटर बर्फातून खाली जातात, तळाच्या खडकावर आपटतात आणि परत येतात. बर्फ जितका कमी थंड, तितक्या तो लहरी जास्त गिळतो. त्यामुळे परत आलेली लहर किती क्षीण झाली यावरून आतल्या तापमानाचा अंदाज येतो. तळाशी पाणी असेल तर लहर चांगली जोरात परत येते.

"एवढ्या गारठ्यात पाणी कसं ऱ्हाईल?"

"जमिनीच्या पोटातली ऊब वर येते. बर्फाचा थर इतका जाड की ती बाहेर निघत नाही."

"म्हंजे वाकळ घेतल्यागत," आई म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

आमच्या संशोधन गटाकडे विमानातून केलेली एक जुनी रडार पाहणी होती. तिच्यात एका लांब पट्ट्यात तळ लख्ख दिसत होता, म्हणजे तिथून लहर जोरात परत आली होती. तिथं पाणी आहे असं माझं मत होतं. पाण्यावरून बर्फ समुद्राकडे लवकर घसरतो, म्हणून याची खात्री करणं गरजेचं होतं. त्यासाठी त्याच पट्ट्यावरून, बर्फाला लागून, रडार ओढत न्यायला हवं होतं. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या मोहिमेत माझं नाव आलं. मी जाड मोजे, लोकरीच्या टोप्या असलं सगळं घेऊन टाकलं.

वैद्यकीय तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. मला कधी साधं पोटसुद्धा दुखलं नव्हतं.

"तिथं खडा अडकला तर तुम्हाला आणायचं कुणी?" डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करून घ्या आणि मग पुढच्या खेपेला जावा की."

माझ्या जागी माझ्या विद्यार्थिनीचं नाव गेलं. ती शाहूवाडीकडची, घरी भातशेती. पीएचडी माझ्याकडेच करत होती आणि यंत्राची तिला सगळी माहिती होती. निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली.

"मॅडम, तुमच्या जागंवर जाताना बरं वाटंना झालंय."

"तुला यंत्र चालवता येतंय. जा तू," मी म्हणाले आणि ते मोजे, टोप्या तिला देऊन टाकल्या. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासत बसले. आई बघत होती. त्याच आठवड्यात तिनं माझ्या ऑपरेशनची तारीख ठरवून घेतली.

ऑपरेशन झालं आणि मी पुन्हा कॉलेजला जायला लागले. उन्हाळा लागायच्या सुमारास विद्यार्थिनी परत आली. नाकाची साल निघाली होती, ओठ फुटले होते. मला वाटलं होतं ती बर्फाबद्दल सांगेल. तिनं हार्ड डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, मला तिथं सगळीकडं पाणी वाटत न्हाय."

"का?"

"खालून लहर जोरात येतीय खरी. पण बर्फातल्या मधल्या थरांवरनं येणारीबी जोरातच येतीय की. म्हंजे वरचा बर्फच आपण गणितात धरला त्यापेक्षा गार हाय. तो लहर कमी गिळतोय, म्हणून तळ लख्ख दिसतोय."

मी मान्य केलं नाही. आम्ही बरेच दिवस त्यावर वाद घातला, पट्ट्याचे तुकडे करून प्रत्येकाचं गणित वेगळं मांडलं. शेवटी निम्म्याहून जास्त पट्ट्यात तळ गोठलेला निघाला. पाणी होतं, पण ते एका टोकाला, समुद्राच्या बाजूला. तिथं मधल्या थरांवरून येणारी लहर क्षीण होती आणि तरीही तळ लख्खच होता.

वाईट वाटलं का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. पहिले दोन दिवस वाटलं. कितीतरी व्याख्यानांत मी तो अख्खा पट्टा ओला म्हणून दाखवला होता. मग त्या टोकाचं पाणी कुठून कुठं जात असेल याचा विचार सुरू झाला आणि बाकीचं मागं पडलं.

शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं लावलं. ती "नको मॅडम" म्हणत राहिली, पण मी बदललं नाही. आता ती परदेशात असते, तिथल्या गटाबरोबर पुन्हा बर्फावर जाऊन आली. माझी तब्येत ठीक आहे. मोहिमेसाठी यंदा पुन्हा अर्ज भरलाय, नाव लागलं तर जाईन.