खोक्यावरची काळी चौकट

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. गोदामात एकदा चोर पकडला होता, एवढं बायकोला माहीत आहे — मीच सांगितलंय, आणि चांगलं रंगवून सांगितलंय. खरं काय झालं ते आता तुम्हाला सांगायला बसलोय.

आधी माझा स्वभाव ऐका. मला राग फार. तळपायाची आग मस्तकात जायला वेळ लागत नाही. पण गंमत बघा — हा राग कधी वरच्या माणसावर निघाला नाही. वरच्यापुढे मी गोगलगाय, पोटात पाय असलेली. हात उचलला तो नेहमी उलट मारणार नाही अशाच माणसावर. याला राग म्हणतात का? दुसरा शब्द आहे, तो मला माहीत आहे.

नव्वदनंतरची गोष्ट. पळस्प्याच्या पुढे, गोवा रोडला आमचं गोदाम होतं. न्हावा शेव्याहून कंटेनर यायचे, त्यातून भिंतीवरच्या घड्याळांची खोकी उतरायची आणि इथून दुकानांत जायची. मी तिथं सुपरवायझर. बारकोडचं मशीन नवीन आलं होतं आणि ते समजणारा मी एकटा. मुंबईला जाऊन शिकून आलो होतो, तेव्हापासून मान जरा ताठच होती.

लोकांना वाटतं, बारकोड सगळे सारखेच. तसं नसतं. दुकानातल्या साबणावर असतो तो तेरा आकड्यांचा. तो अर्धा वाचला तर मशीन घेतच नाही. मोठ्या खोक्यावर दुसरा प्रकार छापतात — जाड रेघांचा, खरखरीत पुठ्ठ्यावरही उमटेल असा. एक आकडा काळ्या रेघांत, पुढचा त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागांत, असे जोडीजोडीने गुंफलेले. या प्रकारात एक खोट आहे. हातातला रीडर तिरका धरला आणि त्याचा किरण वरच्या किंवा खालच्या कडेने निसटला, तर मशीन अर्धाच आकडा वाचतं आणि तरी खुशाल ‘पीं’ करतं. म्हणून भोवती जाड काळी चौकट छापतात. किरण घसरला की चौकटीवर आपटतो, आवाज येत नाही, माणूस पुन्हा रीडर मारतो. हे सगळं मला शिकवलं होतं.

लेबलचा नमुना आमच्या मालकांना, सेठना दाखवला. त्यांच्या वडिलांचं दिवसकार्य नुकतंच झालं होतं. सेठ म्हणाले, “पेपरात मयताच्या फोटोला असते ना, तसली चौकट आहे ही. माझ्या मालावर अशुभ नको.” मी समजावून सांगायला हवं होतं. तोंडातून काय निघालं? “काढून टाकतो सेठ, काही फरक पडत नाही.” आणि काढली.

मग माल कमी पडू लागला. ट्रकात चढणारं प्रत्येक खोकं मी दाराशी रीडर मारून सोडायचो. मशीन जितकी गेली म्हणेल, तितक्याची पावती. पण रॅकवर बघावं तर मशीन म्हणतं त्यापेक्षा खोकी कमी. दुकानदारांची तक्रार नाही — जास्तीचा माल आलेला दुकानदार कशाला तक्रार करेल? पण हा विचार तेव्हा कुणाला सुचला नाही. संशय आला काशावर.

काशा उरणकडचा कोळी, आमच्याकडे हमाल. खोकं उचलून माझ्यासमोर धरायचा, पीं झालं की ट्रकात टाकायचा. त्याच्या भावाची होडी होती. सेठच्या मेहुण्याला एवढं पुरलं. खाडी जवळ, होडी घरची, मग माल कुठं जातो ते काय सांगायला हवं?

भर दुपारी शटर खाली ओढलं. मेहुण्याने पॅकिंगची लोखंडी पट्टी हाताला गुंडाळली आणि सुरुवात केली. त्या पट्टीला धार असते. आधी शर्ट फाटतो, मग कातडी. काशा अंगाने दांडगा, त्याने एका झटक्यात मेहुण्याला आडवा केला असता. पण त्याने हात नुसते तोंडावर धरले. मग लाथा सुरू झाल्या. त्याच्या नाकातून रक्त आलं, एक दात पडला. सेठ खुर्चीवर बसून “बोल, माल कुठाय” एवढंच म्हणत होते.

“मी नाय घेतला, सेठ,” काशा म्हणत होता. मग त्याला मी दिसलो. “सायेब, तुमी मशिनीत परत बगा ना. मशीन खोटं नाय बोलायची.”

“बघ जा,” सेठ मला म्हणाले.

काँप्युटर आतल्या केबिनमध्ये होता. न ओळखलेले आकडे तो मोजणीत न धरता एका बाजूला टाकतो. तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं. उघडलं. अर्धे आकडे — आमच्याच घड्याळांच्या आकड्यांचे तुकडे, एकाखाली एक. जेवढी खोकी कमी, तेवढेच तुकडे. चोरी झालीच नव्हती. माल ट्रकातून गेला होता, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच रीडरखालून. बाहेर काशा ओरडत होता. आणि मी काय विचार केला? आता ती पट्टी माझ्या पाठीवर येईल, एवढाच.

बाहेर आलो. “मशीन बरोबर आहे,” मी म्हणालो.

काशाने मान वर केली. तो चिडलेला नव्हता, नुसता गोंधळून माझ्याकडे बघत होता. ते बघणं मला सहन झालं नाही — नाही, नीट सांगतो. मला त्याचाच राग आला, तो खरा होता म्हणून. खोकी रचायच्या लाकडी पॅलेटची एक सुटलेली फळी तिथं पडली होती. उठण्यासाठी त्याने उजवा हात जमिनीवर टेकला होता. मी फळी उचलली आणि त्या हातावर मारली. हाड मोडलेलं ऐकू आलं. मग पुन्हा मारली. पहिल्या फटक्याला राग म्हणता येईल; दुसऱ्याला काय म्हणू? तो मी नेम धरून मारला. शेवटी मेहुण्यानेच मला मागे ओढलं. “बस कर, मरेल तो,” म्हणाला.

काशाला कामावरून काढलं. पोलिसांत कुणी गेलं नाही.

त्यानंतर मी चौकट परत छापून घेतली. सेठना सांगितलं, नवा नियम आलाय. माल कमी पडायचा थांबला, आणि सेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा, चोर गेला आणि गळती थांबली.” काशा खरंच चोर होता का, अशी एक-दोघांना शंका होती, तीही मिटली. माझी दुरुस्ती काशाविरुद्धचा पुरावा ठरली आणि मी ऐकत उभा राहिलो. दिवाळीला मला मॅनेजर केलं. मी पेढे वाटले.

काही वर्षांनी पनवेलच्या मासळी बाजारात तो दिसला. बायको मासळी विकत होती, हा तिच्या मागे बसला होता. उजव्या हाताची बोटं आत वळलेली. त्या हाताने जाळं काय ओढणार? मला वाटलं, आता हा उठून माझा गळा धरणार. मी पळायच्या तयारीत होतो. पण तो बायकोला म्हणाला, “आमचे सायेब हायेत. चांगली बगून दे.” तिनं ताजी पापलेटं निवडली.

मग हळू आवाजात मला म्हणाला, “सायेब, मी लय इचार केला. मशीन काय चुकायची नाय. माज्याच हातून कुटंतरी खोकी इकडची तिकडं पडली आसतील. चोरी नाय केली मी, पन चूक माजीच आसंल. नाय का?”

तो उत्तराची वाट बघत होता. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

“असेल,” मी म्हणालो, आणि मासळीसाठी पिशवी पुढे केली.