फुगा लातूरला, लेक रत्नागिरीत

माझ्या लेकीला शाळा मिळाली ती जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंमुळं. मिळाली ती मात्र त्यांची शाळा नव्हे, दुसरीच, इंग्रजी माध्यमाची. म्हणून आधी त्यांचं नाव घेते, म्हणजे मनातल्या मनात घेते, आणि मग काय झालं ते लिहिते.

आम्ही लातूरकडचे. नवरा चिऱ्याच्या खाणीवर टेम्पो चालवतो, मी एका खानावळीत पोळ्या लाटते. लेक इथंच रत्नागिरीत जन्मली. पण मी अजून 'घरी' म्हणते ते गावाला. इथल्या जागेला म्हणते खोली. माझं शिक्षण सातवी. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, आठवीला पुढच्या गावाला चालत जायचं, तर बाप म्हणाला, बास झालं आता.

लेक सहा वर्षांची होत आली तसं खोलीची मालकीण रोज पाणी भरताना सुरू व्हायची. "इंग्लिश मिडियमात घाल गो तिला. नायतर तुझ्यासारख्याच पोळ्या लाटील." नवरा म्हणायचा, "त्या मालकिणीला सांग, तूच शिकव मग हिला." मला दोन्हीकडची भीती. झेडपीत घातली आणि लेक मागं राहिली तर? तिकडं घातली आणि डायरीत काय लिहून दिलंय ते मला वाचताच आलं नाही तर?

अशात खानावळीत जेवणाऱ्या एका कारकुनानं सांगितलं, खासगी शाळेत गरिबाच्या लेकरांना काही जागा फुकट असतात, ऑनलाइन फॉर्म भरा. आम्ही दोघं माझा फोन घेऊन बसलो. नाव, जन्मतारीख, नवऱ्याचा मोबाइल नंबर, सगळं नीट झालं. मग नकाशा आला. लाल फुगा बोटानं ओढून घरावर सोडायचा होता. घरावर म्हटल्यावर मी तो ओढत निघाले. आंबा घाट चढवला, कोल्हापूर, सोलापूर मागं टाकलं आणि गावात नेऊन सोडला. नवरा म्हणाला, "ते बघ, मारुतीचं देऊळ." किती दिवसांनी दोघं हसलो.

पुढं शाळांची यादी येणार होती. ती रिकामी आली. एकही शाळा नाही.

मला वाटलं, आमचं शिक्षण बघून, काम बघून वरूनच सांगितलं असेल की तुमच्यासाठी शाळा नाही. नवऱ्यालाही तेच वाटलं असणार, कारण त्यानं फोन पालथा ठेवला आणि झोपला. कुणाला विचारलं नाही. विचारून अजून काय ऐकायचं?

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारचं काम उरकून मी लेकीला घेऊन झेडपीच्या शाळेत गेले. बाई दोनदा खोलीवर येऊन लेकीचं नाव लिहून घेऊन गेल्या होत्या. अख्ख्या शाळेचा पट अकरा. अजून घसरला तर ही शाळा दुसऱ्या शाळेत मिसळतील, असं सगळे म्हणत. नव्या पहिलीच्या यादीत तीनच नावं, त्यात एक माझ्या लेकीचं.

म्हटलं, "बाई, घ्या हिला. तिकडं आम्हाला शाळाच नाही म्हणाले."

"कोण म्हणाले?"

मी फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि हसल्या. "अगो, तू राहतेस कुठे? फुगा लातूरला सोडलायस! यादीत फुग्याच्या जवळच्याच खासगी शाळा येतात. तिथून चालत येणार आहे का ही शाळेत?"

"घर विचारलं होतं की, बाई."

त्यांचं हसू थांबलं. त्या वेळी त्या फोन परत देऊ शकल्या असत्या. नाही गो तुम्हाला शाळा, एवढं म्हणायचं, लेक त्यांच्याच पहिलीत आली असती. मला कधी कळलंही नसतं.

"मुदत कधी संपते?"

"आजच."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मालगुंडला जाणारी त्यांची एसटी साडेपाचची. जुना फॉर्म काढून नवा भरायचा, आणि पासवर्डचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर, नवरा खाणीच्या खड्ड्यात, तिथं रेंज नाही. मी फोन लावत राहिले. पाच वाजले. सव्वापाच. शाळेतही रेंज यायची ती फक्त मागच्या खिडकीत. मी देवाचं नाव घेत हात जोडले तर बाई म्हणाल्या, "देवाला नको, रेंजला जोड." शेवटी नवऱ्याचा फोन लागला, त्यानं मेसेजमधले आकडे वाचून सांगितले. एसटी खालून हॉर्न देत गेली. बाईंनी मान वर केली नाही.

नवा फुगा आमच्या खोलीच्या पत्र्यावर टेकला आणि शाळा एकाखाली एक दिसायला लागल्या. बाईंचं बोट तिथंच थांबलं.

"नंबर लागला तर ही माझ्याकडे येणार नाही. विचार केलायस?"

"तुमची शाळा वाईट म्हणून नाही, बाई."

"ते मला समजावू नको. हिला कुठे घालायचं ते सांग."

लेक भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून अक्षरं वाचत होती. ती अक्षरं तिला या बाईंनीच येता-जाता शिकवलेली. मला एकच भीती होती, उद्या ती विचारेल, मिळत होती तर का नाही घातलंस? मी माझ्या बापाला हे कधी विचारू शकले नाही. म्हटलं, "भरा."

सोडतीत नंबर लागला. तीन दिवस मी शाळेच्या रस्त्यानं गेले नाही, लांबून वळसा घालून खानावळीत जायची. चौथ्या दिवशी गेले तर बाई म्हणाल्या, "कळलं मला." यादी काढली, पट्टी ठेवली आणि माझ्या लेकीच्या नावावर सरळ रेघ मारली. पहिलीला दोन उरली. मग म्हणाल्या, "डायरीतलं कळलं नाही तर आणत जा. लाजू नको हां."

मी आणते. आठवड्यातून दोनदा तरी. त्या वाचतात, मराठीत सांगतात, आणि मी तिथंच बसून पाठ करते.

खाणीवर आमच्याकडची नवी बिऱ्हाडं येतात. त्यांची लेकरं दिवसभर चिऱ्यांच्या ढिगात असतात, आईबाप म्हणतात, आज इथं उद्या कुठं, कशाला शाळा. मी त्यांच्याशी बोलायला लागलेय. अजून कुणी ऐकत नाही. पण बाई, तुमची शाळा उघडी आहे तोवर, एक ना एक दिवस त्यातली लेकरं हाताला धरून तुमच्या पहिलीत आणून बसवीन.