पुढल्या होळीपर्यंतच्या शर्यती

नाना गेल्याचा वहिनीचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यासाठी श्रावणातली शर्यत ठरवत होते. सकाळची वेळ, तव्यावर भाकरी, आणि मी लोणखेड्याच्या माझ्या घरात ओट्याशी उभी. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ, नंदुरबारला एका कचेरीत कारकून. काही दिवसांपासून तो दवाखान्यात होता. आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून रोज सकाळी फोनवरून त्याला पुढल्या एका महिन्याची शर्यत सांगायची, हे माझं काम होऊन बसलं होतं. आषाढापर्यंतच्या आदल्या दिवशीच ठरल्या होत्या. वहिनी फक्त एवढंच म्हणाली, "ताई... सरनं हो बठ्ठं." सगळं संपलं. मी 'बरं' म्हणाले. खरंच 'बरं' म्हणाले, जणू तिने दळण आणायला सांगितलं होतं. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मी खाली बसले.

आमचे वडील पन्नाशीही न गाठता गेले. साखरेने पोखरून गेले. तोच आजार नानाला चाळिशीत लागला आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हा पळायलाच लागला! पोट सुटलेला, चष्मा नाकावरून घसरणारा माणूस पहाटे हाफ पँट घालून नंदुरबारच्या रस्त्याने धावतोय म्हटल्यावर आमच्या नातेवाइकांना दुसरा विषय उरला नाही. मीही कमी चिडवलं नाही. पण तो हसत नसे. "मी थांबनू का संपनू, समज," असं अगदी सरळ म्हणायचा. वडिलांचं वय जवळ येत चाललं होतं, आणि त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की पाय चालते आहेत तोवर मरण आपल्याला गाठत नाही. त्या वर्षी त्याने मोठ्या शहरातल्या पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं. छातीवर नंबर लावून हजारो माणसांत धावायचं, एवढंच त्याला हवं होतं. आणि मग कोरोना आला, लॉकडाऊन लागला, शर्यत पुढे ढकलली, पुन्हा ढकलली आणि शेवटी रद्दच झाली.

नाना दोन दिवस जेवला नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी मला फोन. आवाज असा, की लॉटरी लागली असावी. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, होळीपर्यंत महिन्याला एक, अशा वर्षभराच्या शर्यती त्याने ठरवल्या होत्या. मी म्हटलं, "अरे येडा, कोन ठेवी ऱ्हायनं शर्यत? बठ्ठं बंद शे!" तर म्हणाला, "मी ठेवी ऱ्हायनू ना!" आखाजीची शर्यत त्याने घराच्या गच्चीवर धावली, पाण्याच्या टाकीला गोल गोल फेऱ्या मारत, आणि खाली वहिनी चक्कर येईल म्हणून ओरडत राहिली. पोळ्याची रनाळ्याला, आमच्या मूळ गावच्या शिवारातून. नवरात्रातली लोणखेड्याला. तेव्हा मी तोंडाला फडकं बांधून रस्त्याच्या कडेला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, प्रेक्षक म्हणून. तो आला, धापा टाकत, लालबुंद. मी विचारलं, "पहिला कोन उना?"

"मी."

"आनि सेवटला?"

"तोबी मीच!" असं म्हणून तो इतका हसला, की तांब्यातलं पाणी नाकात गेलं.

हसू नका, पण त्या वर्षी आमच्या घरात पुढचं काही ठरलेलं असेल, तर ते एवढंच होतं. शाळा बंद, लग्नं बंद, माणसं पटापट जात होती, आणि नाना सांगायचा, संक्रांतीला अमुक रस्ता. सगळ्यात मोठी शर्यत होळीची. सातपुड्यात वर काठी गावाला राजवाडी होळी पहाटे पेटते. घाट धावत चढून, होळी पेटायच्या आत तिथं पोचायचं, हे त्याचं स्वप्न. त्यासाठी थंडीभर तो गावाबाहेरच्या पथारींवरून धावला. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायची मोकळी मैदानं. लांबवर नुसती लाल मिरची पसरलेली, आणि हवेत तिखट असं, की नव्या माणसाला श्वास घेता येऊ नये. देठ खुडणाऱ्या बाया त्याला ओळखायला लागल्या होत्या. "ओ नाना, कोन मांगे लागनं?" असं ओरडायच्या. तोंडावरचं फडकं तो तिथं हनुवटीवर ओढायचा, दम लागतो म्हणून. आणि खोकायचा. मिरचीच्या दिवसांत नंदुरबारात कोण खोकत नाही? आमच्याकडे दुकानदार खोकतो, रिक्षावाला खोकतो, लग्नात भटजी खोकतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

म्हणून माघात नाना फोनवर खोकला, तेव्हा कुणाचंच काळीज हललं नाही. "मिरचीना ठसका शे वं," तो म्हणाला. वहिनीला तेच वाटलं, कचेरीतल्यांना तेच वाटलं, मलाही तेच वाटलं. दुसऱ्या कुठल्याही गावात त्या वर्षी माणूस असा खोकला असता, तर शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली असती, त्याला ओढत तपासायला नेलं असतं. आमच्या गावाने त्याला गूळ-पाणी दिलं! तो त्या खोकल्यानिशी धावत राहिला, वरून म्हणायचा, ठसक्यात पळलं की छाती मजबूत होते... होळी चार दिवसांवर असताना तो घराचा जिना चढून वर गेला आणि वरून खाली येईना. पायरीवर बसून राहिला. वहिनी सांगते, त्याचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्यातून पहिला फोन त्याने केला तो होळीच्या सकाळी. एका शब्दानंतर एक श्वास. "होळी गयी... ते जाऊ दे. आखाजीले... काठी करसूत." मी फोन कानाशी दाबून धरला. वर्षभर ज्याच्या शर्यतींवर मी हसले, त्याला आता मीच सांगायला लागले. जेठात अमुक, आषाढात तमुक, छत्री घेऊन मी पुढे उभी राहते, तू फक्त ये. तो "मंग?" म्हणायचा आणि मी पुढचा महिना शोधायची. माझी समजूतच झाली होती, वेड्यासारखी, की शर्यत ठरलेली आहे तोवर तो जाणार नाही. शेवटी तो म्हणाला, "तूच ठरव. माले आते सुचत नही." मी ठरवत राहिले. देवाला नवस बोलावा तसे महिने बोलत राहिले. ऐकलं कुणी? कुणीच नाही! आम्हाला त्याचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात. मी गेले. माझं माहेर म्हणजे नानाचं घर, दुसरं कुठलं? वहिनी त्याच्या खोलीत, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. तो गेल्यापासून तिचा डोळा धड लागलेला नाही, असं शेजारणीने दारातच सांगितलं होतं. मी पायथ्याशी बसले. न वळताच ती म्हणाली, "ताई, तुमी त्यास्ले जसं सांगे ना... तसं सांगा."

मी सांगायला लागले. कुठला महिना, कुठला रस्ता, पहाट किती गार असेल, पाणी कुठे ठेवायचं. होळीपर्यंत आले तेव्हा वहिनीचा श्वास संथ झाला होता. तिला झोप लागली होती. मी थांबायला हवं होतं. पण होळीच्या पुढचा महिना आपोआप तोंडात आला, मग त्याच्या पुढचा, आणि झोपलेल्या वहिनीच्या पायाशी बसून मी बोलतच राहिले. थांबले असते, तर तो खरंच गेला असता.