उरणचा जुना लेथ

१२ नोव्हेंबर १९६५, शुक्रवार. सकाळी थंडी. दूधवाला उशिरा आला. चादरी धुतल्या. दुपारी दयारामभाऊ दोन कॅटलॉग घेऊन आले, दोन्ही वाचून दाखवले. उद्या त्यांच्याबरोबर उरणला जायचे आहे. कशाला, ते कळले नाही.

एवढे लिहून वेणूने पेनाला टोपण लावले, पण ते ‘कशाला’ काही तिच्या डोक्यातून जाईना.

दयाराम मिठागरवाल्यांच्या घरातला. पनवेलच्या नाक्यावर त्याचा छोटासा कारखाना होता, तो होड्यांची इंजिने आणि पंप दुरुस्त करून चालायचा. आता एका विमान कारखान्याने त्याच्याकडे चाकाच्या सांध्यात बसणाऱ्या धातूच्या नळ्यांचा नमुना मागितला होता. नमुना केसभर चुकला तर काम दुसऱ्याला जाणार होते. धातू कातायचा त्याचा लेथ थरथरायचा, म्हणून नवा घ्यायचा होता. कॉन्व्हेंटात शिकलेली शेजारीण वेणू त्याला इंग्रजी वाचून दाखवायची.

फोर्टमधल्या कंपनीचा कॅटलॉग गुळगुळीत, भायखळ्याच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा सायक्लोस्टाइल केलेला. वेणूला फोर्टचा पसंत होता. दयारामने मात्र दोघांनाही एकच विचारले होते, “तुमी इकलेली सगल्यात जुनी मशीन कुठं हाय?”

फोर्टचा एजंट हसला. “जुन्याचा हिशेब आम्ही ठेवत नाही.” भायखळेवाल्याने उरणच्या काशिरामचा पत्ता दिला.

“जुनी मशीन बघून काय करणार?” एसटीत वेणूने विचारलेच.

“होडी बांधायला द्यायची तर आमच्यात नवी होडी कोन बघतो, वैनी? त्या सुताराची जुन्यात जुनी होडी शोधायची आन् तिच्या मालकाला गाठायचा.”

काशिराम कोळी कामातच होता. अठरा वर्षांचा लेथ घरघरत होता. दयारामने त्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी हलले, पण सांडले नाही. मग त्याने लेथ विकणाऱ्याबद्दल विचारले.

“भायखळ्याचा म्हातारा?” काशिराम कडाडला. “त्याचं नाव नको काढू. दोन बारी पट्टा चुकीचा धाडला. शिमग्याला गिअर मोडला, तवा इतक्या शिव्या घातल्या, का दुसऱ्या दिवशी सोता येऊन बसला. माझ्या घरचं म्हावऱ्याचं कालवण खाल्लं, वर तिखट हाय म्हनला. पन गिअर फिरेपर्यंत हलला नाय.”

“मंग दुसरी मशीन कोनाकडून घेशील?”

“त्याच्याकडूनच. दुसऱ्याला शिव्या द्यायला कुठं शोधू?”

वेणूला वाटले, एवढे ऐकल्यावर हा माणूस फोर्टलाच जाणार. परतताना तिने तसे म्हटलेही.

“नाय वैनी. भायखळाच. फोर्टवाल्याला कोन शिव्या देतं, तेच ठाव नाय.”

लेथ आला. जानेवारीत नमुना करताना तो मध्येच अडकला, आणि दयाराम पोस्टातल्या फोनवर कुणावर तरी ओरडतो आहे, हे वेणूला बाजारातून येताना ऐकू आले. दुसऱ्या दिवशी हातात पिशवी घेतलेला एक म्हातारा एसटीतून उतरून तिलाच कारखान्याचा पत्ता विचारू लागला. तिने तो दाखवला आणि उगीचच थोडी मागे मागे गेली.

फेब्रुवारीत दयाराम आणि त्याची बायको मालू दारात आली. मालूच्या डोक्यावर गोणी होती.

“नमुना पास झाला,” दयाराम म्हणाला. “तुमी वाचून दाखवलं, त्याची वाचनावल काय द्यावी, कलंना. घरचंच आनलं.”

त्या संध्याकाळी वेणूने लिहिले: मीठ आले. मोठी बरणी भरली, उरलेले पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवले.