मंगळवारचा बायकर

नावड्याच्या त्या खोलीत आम्ही तिघं राहायचो आणि तिघांत मिळून एक मोटरसायकल होती. तिघांच्या कंपन्या वेगळ्या, म्हणून आठवड्याच्या सुट्ट्याही वेगळ्या. कोल्हापूरकराची शुक्रवारी, कणकवलीकराची रविवारी, माझी मंगळवारी. ज्याची सुट्टी त्याची गाडी. भांडायला जागाच नव्हती.

मी परभणीकडचा. आठवीतून शाळा सुटलेली, तळोज्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागलेलो. ते दोघं मशीनवर. त्यांनी मला भागीदार करून घेतलं याचंच मला इतकं अप्रूप होतं, की पहिले दोन महिने माझ्या मंगळवारी मी गाडी नुसती धुतली. स्पोकांमधून जुना टूथब्रश फिरवायचा, टाकी पुसायची, आरशात बघून भांग पाडायचा आणि मग स्टँडवर उभ्या गाडीवर बसून चहा प्यायचा. फार तर गावातून एक चक्कर. नावडे फाट्याच्या पुढं गाडी नेली नव्हती. मला काही झालं तर झालं, पण गाडी तिघांची होती.

आम्ही सगळे तिला गाडीच म्हणायचो. ‘बायकर’ हा शब्द कोल्हापूरकरानं आणला. तो आयटीआय केलेला, त्याच्याकडं शब्द असायचे. “ज्याच्याकडं असती तो गाडीवाला,” तो सांगायचा, “जो पळवतो तो बायकर.” मला शब्द एवढा आवडला की मी घरी पत्रात लिहून टाकलं, मी इथे बायकर झालो आहे. आईनं धाकट्या भावाकडून उत्तर लिहून घेतलं: ते काम पर्मनंट आहे का?

गाडी मुळात आमच्या खोलीमालकांची. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. तिकडचेच, रायगडातले कोकणी मुसलमान, लाकडाचा व्यापार. गुडघे गेले म्हणून त्यांनी गाडी आम्हाला विकली, पण जीव तिच्यातच. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि आमच्या चुका मोजायचे. मला चालवायला त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी गाडीचं गुपित सांगितलं. “थंड असली तर एका किकमंदी उठते. गरम झाली की नाय उठायची, लाथा मारून मरशील. मग उतार बघायचा, सेकंड टाकायचा, धावायचा आन् उडी मारून बसायचा. समजला?”

समजलं होतं. त्याचीच भीती होती. गाडी चालवायची मला तेवढी भीती नव्हती. थांबायची होती.

मग शेजारच्या खोलीत एक नवा आला. चांगला होता बिचारा, पुढं माझा दोस्तच झाला. पण त्याचीही सुट्टी मंगळवारी होती आणि त्याला गाडी येत होती. एका संध्याकाळी कोल्हापूरकरानं विषय काढला. “हे बघ भावा, राग मानू नको. तुझा वाटा तुला परत देतो. मंगळवार त्याला देऊ या. गाडी पळली नाही की गंजती.”

कणकवलीकर भात वाढत होता. तो म्हणाला, “एक चान्स दी रे मेल्याक.”

त्यातून ती अट निघाली. पुढच्या मंगळवारी मी नेरूळला जायचं, स्टेशनाबाहेरच्या दुकानातून आइस्क्रीमची एक वीट आणायची. खोलीवर आणल्यावर ती सुरीनं कापता आली, तर मंगळवार माझा. नाही आली तर शेजाऱ्याचा. जाऊन आल्याचा पुरावा आणि वेगाचाही पुरावा, असं कोल्हापूरकराचं डोकं.

त्या मंगळवारी दोघं फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला आले, तेव्हा मी गाडीजवळ तयार होतो. शिकाऊ लायसन्स खिशात, त्याला प्लॅस्टिकची पिशवी, वर रबर. चाचांनी विचारलं, “खातलास काय?” मी म्हटलं, नाही, आल्यावर खाईन. ते म्हणाले, “बरा हाय. वजन कमी.”

जाताना कळंबोलीपर्यंत मी श्वास घेतला असेल, पण मला आठवत नाही. ट्रक माझ्या उजव्या कानाला घासून गेल्यासारखे जायचे. एका सायकलवाल्यानं मला ओव्हरटेक केलं आणि वळून बघितलंसुद्धा. खारघरला मात्र हायवे एकदम मोकळा झाला. तेव्हा तिथं होतंच काय? डोंगर, गवत, चुन्यानं आखलेले प्लॉट आणि कुठंच न जाणारे रुंद रस्ते. मी चौथा गियर टाकला. आयुष्यातला पहिला चौथा. शर्ट पाठीवर फुगला, डोळ्यांतून पाणी कानांकडं गेलं, आणि मी ओरडायला लागलो. काय ओरडलो ते विचारू नका. आधी कंपनीच्या सुपरवायझरचं नाव होतं, मग नुसतेच स्वर.

नेरूळला दुकानासमोर पोचलो तेव्हा इंजिन भट्टी झालं होतं. बंद करणं शक्यच नव्हतं, कारण तिथं जमीन अशी सपाट की गोटी ठेवली तर जागची हलणार नाही. मी गाडीवर बसूनच ओरडलो, “काका, एक वीट द्या!”

“आत या की.”

“येता येत नाही!”

“पाय दुखावलाय का?”

“गाडी गरम आहे!”

काका बाहेर आले, इंजिनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “फ्लेवर?”

“लवकरचा कुठलाही!”

त्यांनी पिस्ता आणून दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आता ते ठेवायचं कुठं? गाडीला कॅरियर नाही. हँडलला पिशवी लावली तर गुडघ्यावर आपटेल, तोल जाईल. मी शर्टाची दोन बटणं काढली, वीट आत पोटाशी सरकवली, बटणं लावली आणि निघालो. आपल्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. पोटाच्या उबेनं बर्फ वितळतो, हे काय आठवीत शिकवत नाहीत? शिकवत असतील. मी आठवी पूर्ण कुठं केली!

पोट आधी गारठलं, मग बधिर झालं, मग बेलापूरच्या पुढं बेंबीतून एक थंड ओघळ खाली निघाला. मला हसू फुटलं. हसताना हँडल हलायचं, हँडल हललं की घाबरायचो, घाबरलो की आणखी हसू. असाच हसत खारघरला आलो, तर समोरून चौघं आले. मोठ्या, धडधडणाऱ्या गाड्या, अंगात जाकिटं, पुण्याकडून आले असावेत. त्यातल्या पहिल्यानं माझ्याकडं बघून, एका बायकरनं दुसऱ्याला रामराम करावा तसा, डावा हात उचलला. मग दुसऱ्यानं. चौघांनीही! मला! माझ्या मागं कुणी आहे का, हे मी आरशात बघून घेतलं. कुणी नव्हतं.

मला हात उचलायचा होता. देवाशप्पथ, फार उचलायचा होता. पण बोटं क्लचवर अशी घट्ट बसली होती की सुटेनात. मी मान हलवली. जोरजोरात, नंदीबैलासारखी. तोवर ते बेलापूरला पोचले असतील.

खोलीसमोर आलो तेव्हा चौघं ओट्यावर उभे होते. दोघं भागीदार, शेजारी आणि खुर्चीतून उठलेले चाचा. माझ्या पँटवर पुढं हिरवा डाग गुडघ्यापर्यंत गेलेला. कोल्हापूरकर म्हणाला, “आयला, हे काय सांडलं?” मी शर्टातून वीट काढली. वीट म्हणजे ओला कागद आणि त्यातून गळणारा पिस्ता. कणकवलीकरानं घाईघाईनं खाली परात धरली. कागद सोडला. सगळी खीर झाली होती, पण मधोमध साबणाच्या वडीएवढा एक तुकडा अजून शाबूत होता.

कोल्हापूरकरानं सुरी घातली. “कापलं नाही. बुडलं.”

“कापला! आवाज झालो,” कणकवलीकर म्हणाला.

“सुरी परातीला लागल्याचा आवाज हाय त्यो!”

शेजारी बोटानं चाटत होता. मी तुकड्याकडं बघत होतो. वाद चालू असतानाच तो लहान लहान होत चालला होता आणि त्याच्याबरोबर माझा मंगळवार.

चाचांनी हात वर केला. “गप ऱ्हवा जरा. ह्यो आवाज कसला?”

फट फट फट. गाडी ओट्यासमोर चालूच होती. मी ती बंद केलीच नव्हती.

“वाटंत बंद केलीस?”

“नाही चाचा.”

“नेरूलला?”

“नाही.”

“म्हंजे गेलास आन् आलास, पन थांबलास नाय.” ते पायऱ्या उतरले आणि त्यांनी स्वतःच चावी फिरवली. इतकी शांतता झाली की परातीत टपकणारा कागद ऐकू आला. “आता चालू कर. झाली तर मंगलवार तुझा. आइस्क्रीम ऱ्हावू दे, त्याचा काय, कोनीबी आनील.”

मी चावी फिरवून किक मारली. काही नाही. पाच मारल्या, दहा मारल्या. कोल्हापूरकर ओठातल्या ओठात मोजत होता, मग त्यानं मोजायचं सोडलं आणि चक्क म्हणाला, “मार लेका, मार!” पिंडरी भरून आली. गाडी ढिम्म.

मग मी रस्त्याकडं बघितलं. खोलीपासून तळ्याकडं उतार जातो. रोज मी तिथून पाणी आणायचो, पण उतार म्हणून कधी बघितलाच नव्हता. मी स्टँड काढलं. सेकंड टाकला, क्लच दाबला आणि धावत सुटलो. चप्पल एक इकडं, एक तिकडं. हिरवी पँट पायाला चिकटलेली. मागून चाचा ओरडत होते, “आता नाय! आता नाय! आता!”

उडी मारून बसलो, क्लच सोडला. गाडी एकदा खोकली, एक झटका दिला आणि उठली.

तळ्याशी वळलो, चढ चढून परत खोलीसमोरून गेलो. थांबलो नाही. थांबता येत होतं, पण थांबलो नाही. कणकवलीकर परात डोक्यावर घेऊन नाचत होता, कोल्हापूरकर ओरडत होता, “अरे मंगळवार तुझा, पण आइस्क्रीम तरी पिऊन जा!”

त्या चौघांसमोरून जाताना माझा डावा हात हँडलवरून सुटला आणि वर गेला.