सोफ्याच्या जागी दोन खुर्च्या

संशय माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे. दुकानदाराने सूट दिली की मी आधी एक्सपायरी डेट बघते. त्यामुळे नवरा एके दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "आरव्हीतला सोफा काढून टाकू या," तेव्हा मी कान टवकारले.

अमेरिकेत बॉथेलला स्थिरावल्यावर आम्ही ही जुनी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतली होती. ती उभी करून बटण दाबलं की तिच्या भिंतीचा एक मोठा कप्पा बाहेर सरकतो आणि आत ऐसपैस जागा होते. त्या स्लाइड-आउटमध्येच हा सोफा होता. ओढला की त्याचा पलंग व्हायचा. जूनमध्ये माझी आई साताऱ्याहून येणार होती आणि तिला घेऊन आम्ही पंधरा दिवस हिंडणार होतो. मागची एकुलती एक खोली आमची, सोफा आईचा, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं.

"मग त्याच्या जागी काय?" मी विचारलं.

"दोन रिक्लायनर. मस्त पाय पसरून बसायचं."

"आणि आई कुठे झोपेल?"

"करू ना काहीतरी ॲडजस्ट, यार."

खुर्च्या दोनच. एक त्याची, एक माझी. तोंडाने 'तुझी आई नको' म्हणायची हिंमत नाही, म्हणून तिची झोपायची सोयच उपटून टाकायची. तो म्हणाला, सोफा फार जड आहे, स्लाइड आत घेताना मोटर कण्हते. हे खरंच होतं. खरं कारण इतकं तयार होतं म्हणून तर माझा संशय वाढला.

दुकानात त्याने सात-आठ खुर्च्या पाहिल्या. प्रत्येकीचं हँडल एका बोटाने ओढून बघायचा, मग मागे रेलून डोळे मिटायचा. विकणारी बाई कंटाळली, मीही कंटाळले. परत येताना माझ्या फोनची बॅटरी संपली म्हणून मी त्याचा फोन घेतला, तर कॉलच्या यादीत आईचा नंबर. चाळीस मिनिटं. या दोघांचं बोलणं आजवर 'बऱ्या आहात ना? थांबा, हिला देतो' याच्या पुढे गेलं नव्हतं.

"आईशी काय बोलत होतास?"

"असंच. हवा वगैरे."

चाळीस मिनिटं हवा! मी गाडीत आणखी चार प्रकारे विचारून पाहिलं, पण तो ताकास तूर लागू देईना. तो आईला गोडीगुलाबीने 'यंदा नको' असं पटवतोय, याबद्दल माझी खात्री झाली. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

आमच्या कॉलनीच्या नियमाने आरव्ही घरासमोर दोनच दिवस ठेवता येते, म्हणून शनिवारी सकाळी खुर्च्या घरी येताच काम काढलं. सोफा अख्खा दारातून बाहेर येईना. पाठ सुटी करून, खालचे बोल्ट काढून दोन तुकड्यांत काढला. मग त्याने स्लाइड पूर्ण आत घेतली आणि ओट्यापर्यंत किती जागा उरते ते तीनदा मोजलं. बाहेर असताना मोजलं, तर आत घेताना खुर्ची ओट्यावर आपटते म्हणे. इतकी काळजी हा माणूस माझ्या वाढदिवसालाही घेत नाही.

खुर्च्या आत आणून ठेवल्यावर तो गॅरेजमध्ये दुसरा पाना आणायला गेला आणि ओट्यावरचा त्याचा फोन वाजला. आई. मी उचलला आणि गप्प राहिले.

"जावईबापू, आल्या का हो खुर्च्या? बसल्या बसल्या झोप लागेल ना त्यात? आडवं झालं की दम लागतो, म्हणून इथे भिंतीला टेकूनच रात्र काढते. पण तिला एवढ्यात सांगू नका. तिकीट कॅन्सल करून टाकेल ती."

"आई, मी आहे."

"अगं बाई! तू?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मला नाही सांगितलंस? मी मुलगी ना तुझी?"

"तू विचारत नाहीस गं, उलटतपासणी घेतेस. ते सहज म्हणाले, झोप लागते ना नीट? मी सांगून मोकळी झाले."

'दम लागतो' ऐकताक्षणी मनात तिकीट कॅन्सल करून मी मोकळीसुद्धा झाले होते. मला लाज वाटली आणि रडूही आलं. तेवढ्यात नवरा पाना घेऊन आत आला आणि त्याचा फोन माझ्या कानाला आणि माझा चेहरा बघून दारातच थांबला.

"डॉक्टरांना दाखवलंय," तो घाईघाईने म्हणाला. "औषध चालू आहे. प्रवासाला हरकत नाही म्हणाले. रिपोर्ट आहेत माझ्याकडे, दाखवू?"

कोणता डॉक्टर, कधीचे रिपोर्ट, सगळं ओठांवर आलं होतं. मी नको म्हणून मान हलवली आणि नव्या खुर्चीत बसले.

"आई, रात्री काय होतं गं तुला?"

ती वीस मिनिटं बोलत होती. त्यातलं मला काहीही माहीत नव्हतं.